चांगदेवाचं फुरसं

भिवंडीजवळच्या वळ गावात चांगदेव तरेच्या कानाबद्दल दोन मतं नव्हती, निदान चांगदेवची तरी तशी खात्री होती. ट्रक दापोड्याच्या वळणावर असतानाच तो खुर्चीत बसल्या बसल्या सांगायचा, गाडी भरलेली आहे की रिकामी, आणि ड्रायव्हर नवा आहे की मुरलेला. बरोबर निघालं की दिवसभर तेच पुराण. चुकलं तर म्हणायचा, वाऱ्यानं आवाज फिरवला. त्याची बायको कमळा शेजारणींना सांगायची, "गावभरचा ऐकू येतो यांना. मी ओट्यावरून हाक मारते ती तेवढी ऐकू येत न्हाय."

चांगदेव गोदामावर सुपरवायझर होता. सुपरवायझर म्हणजे काय, तर गाळ्याच्या दारात खुर्ची टाकून बसायचं, आलेल्या गाडीचं सील बघायचं, लोडर लोकांवर डाफरायचं आणि मालक आला की उभं राहायचं. जमीन देताना घरटी एक नोकरी ठरली होती, ती याच्या वाट्याला आली. शिक्षण बेताचं, अंगात पाटीलकी, आवाज मोठा. मनानं वाईट नव्हता. पण चार माणसं बघत असली की त्याच्या अंगात दुसराच कुणीतरी शिरायचा, आणि त्या दुसऱ्याला "मला माहीत नाही" हे तीन शब्द येत नव्हते.

साप हा त्याचा खास विषय. खाडीकडच्या भातशेतीत वाढलेला माणूस, बांधाबांधानं दगड रचलेले, त्या दगडांखाली फुरशी. बापानं त्याला लहानपणी कान धरून शिकवलं होतं, की नाग तोंडानं फुत्कारतो, घोणस कुकरच्या शिट्टीगत वाफ सोडते, पण फुरसं तोंड उघडत नाही. ते वेटोळं करतं आणि अंगावर अंग घासतं. खवल्यांचा खरखराट होतो, कुणी लाकडावर करवत चालवावी तसा. तो आवाज आला की उचललेला पाय तिथेच थांबवायचा. या एका शिकवणीवर चांगदेव तीस-पस्तीस वर्षं गावात मिरवत होता. शेतं गेली, बांध गेले, पत्र्याची गोदामं उभी राहिली, तरी कुठल्याही गाळ्यात साप निघाला की बोलावणं यालाच. हा काठी घेऊन जायचा, आणि काम उरकलं की चहा पिऊन त्याचं वर्णन करायचा.

तर त्या वर्षी रमजान जवळ आला होता आणि गाळ्यात खजुराचे कंटेनर उतरत होते. इराणकडून जहाजानं आलेला माल. सील तुटलं की कंटेनरमधून गोडसर, कोंदट वास यायचा, आणि लोडर लोक रांगेनं खोके बाहेर काढू लागायचे. बहुतेक पोरं उत्तर प्रदेशची. त्यांच्यात एकटा जान्या इथला, म्हणजे अंबाडी गावाच्या पुढे डोंगराच्या कुशीत त्याचा पाडा होता. भात झालं की तो आणि त्याची बायको सोमी मजुरीला खाली यायची. जान्या काटकुळा, पण कामाला वाघ. बोलायला सांगितलं तरच बोलायचा, आणि चांगदेवदादा जे म्हणतील ते त्याला पटलेलंच असायचं. अशी माणसं चांगदेवला आवडत.

कंटेनर अर्धा रिकामा झाला होता. जान्या आत खालच्या थरातला खोका ओढायला वाकला, हात दोन खोक्यांच्या फटीत घातला, आणि आतून आवाज आला. खर्र. थांबून पुन्हा खर्र, खर्र. जान्यानं झटक्यात हात बाहेर काढला. करंगळीच्या बुडाशी रक्ताचे दोन-तीन बारीक ठिपके होते. बाकीची पोरं "साँप, साँप" करत खोके टाकून खाली उतरली.

चांगदेव खुर्चीतून उठला तोच मुळी सांगत उठला. "फुरसा हाय."

"देखा आपने?" एका पोरानं विचारलं.

"बघायला कशाला लागते? आवाज ऐकला न्हाय काय?"

खरं सांगायचं तर जान्यालाही तो आवाज फुरशाचाच वाटला होता. पाड्यावरच्या माणसाला फुरसं शिकवावं लागत नाही. पण त्यानं हात हलवून बघितला, बोटं मिटली, उघडली, आणि चांगदेवकडे बघून हळूच म्हणाला, "दादा, मना काय दुखत न्हाय."

फुरसं चावलं की निखारा ठेवल्यागत आग होते. घटकाभरात सूज चढते. हे चांगदेवला माहीत होतं. त्याच्या चुलत्याला, केसरीनाथला चावलं होतं तेव्हा तो माणूस अंगणात लोळला होता, आणि चांगदेवनं ते डोळ्यांनी बघितलं होतं. "दुखत न्हाय" हे दोन शब्द त्याच्या या नावाजलेल्या कानात नीट शिरले. क्षणभर तो थबकला. पण दारात दहा-बाराजण गोळा झाले होते, शेजारच्या गाळ्यातले ड्रायव्हरही आले होते, आणि सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"गप रहा," तो म्हणाला. "पयला दुखत न्हाय. मागून चढते. हात इकडं आण."

पॅलेटवर, म्हणजे लाकडी फळ्यांच्या पाटावर, रचलेले खोके बांधायची प्लॅस्टिकची पट्टी तिथेच पडली होती. ती त्यानं जान्याच्या करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला मिळून बुडाशी गुंडाळली, ताणायच्या हत्यारानं करकचून ओढली आणि वर पत्र्याची क्लिप दाबली. खोके फोडायच्या कटरनं ठिपक्यांवर चीर दिली आणि काळं रक्त निघालं म्हणून सगळ्यांना दाखवलं. रक्त लालच होतं. मग मालकाचा टेम्पो काढला. आधी खाडीकडच्या एका भगताकडे नेलं, कारण तरे घराण्यात सापाचा माणूस आधी तिथे न्यायची रीत होती. भगतानं मंत्र घातला, राख लावली, नारळ फोडला, सगळं निवांतपणे. तिथून निघाले तर रस्त्यावर ट्रकांची रांग लागलेली. टेम्पोत जान्या दोनदा म्हणाला, "दादा, पट्टी टोचते. थोडी ढिली करू का?" दोन्ही वेळा चांगदेवनं त्याचा हात धरून ठेवला. दवाखान्यात पोचेपर्यंत दिवस मावळला होता आणि दोन्ही बोटं जांभळी होऊन गार पडली होती.

डॉक्टरांनी आधी क्लिप तोडली. मग जान्याचं रक्त काचेच्या नळीत काढून ठेवलं. थोड्या वेळानं येऊन नळी तिरकी केली, तर रक्त नीट गोठलेलं. त्यांनी चांगदेवला बाजूला घेतलं, कारण कपड्यांवरून हाच जबाबदार माणूस दिसत होता. "फुरशाचं विष असतं तर रक्त असं गोठलं नसतं. विषाचं एकही लक्षण नाही," ते म्हणाले. "हा साप विषारी नव्हता, किंवा सापच नव्हता. बोटं मात्र या पट्टीनं गेल्यात जमा आहेत. इतकं आवळून कुणी बांधलं?"

"तिथल्या पोरांनी," चांगदेव म्हणाला.

हे त्याच्या तोंडून इतक्या सहज गेलं, की त्याचं त्यालाच नवल वाटलं. सोमी तोवर कामावरून धावतपळत आली होती आणि व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. तिनं विचारलं, "डाक्टर काय बोलला?" चांगदेवनं घसा साफ केला. "विष बोटांतच कोंडला. वर चढू दिला न्हाय. बोटं जातील, पन जीव राहिला." सोमी उठली आणि तिनं वाकून त्याच्या पायांना हात लावला. त्यानं पाय मागे घेतले नाहीत. घ्यायला हवे होते, हे त्याला घरी गेल्यावर सुचलं.

आठवड्याभरात दोन्ही बोटं कापावी लागली.

आता इथवरचं सगळं चांगदेवनं स्वतःशी बऱ्यापैकी जमवून घेतलं होतं. डॉक्टर काय, शिकलेला पोरगा, त्याला फुरसं काय ठाऊक. कधी कधी साप कोरडाही चावतो, विष न सोडता. आपण बांधलं नसतं तर कदाचित माणूस गेलाही असता. असं रोज थोडं थोडं बोलून त्यानं मनाला शांत केलं होतं. पण खजुराचे खोके हलवून झाले, कोपऱ्यातली पॅलेट उचलली, आणि भिंतीच्या कडेनं पुन्हा तोच आवाज आला. खर्र, खर्र.

दुपारची वेळ होती, पोरं जेवायला गेली होती. चांगदेव काठी घेऊन पुढे झाला. पॅलेटच्या सावलीत एक पाल उभी होती. उभी म्हणजे खरोखर उभी. चारी पाय ताठ करून अंग जमिनीपासून वर उचललेलं, पाठीची कमान केलेली, जबडा वासलेला आणि डोळे अंगाच्या मानानं भलतेच मोठे. वीतभर लांबीची, वाळूच्या रंगाची, अंगभर माशासारखी मोठी खवली. शेपटी मात्र ती हळूहळू डावीउजवीकडे वळवत होती, आणि वळवली की शेपटीवरची रुंद खवली एकमेकांवर घासत होती. आवाज तिथून येत होता. फुरशाचा आवाज, एका पालीच्या शेपटीतून. चांगदेव तिच्यासमोर उकिडवा बसला.

त्यानं काठी वापरली नाही. हातानंच धरली, तर तिनं अंगाला पीळ दिला आणि निसटली. त्याच्या तळहातावर तिच्या पाठीची कातडी तशीच राहिली, खवल्यांसकट, ओल्या कागदाइतकी पातळ. पाल थोडी पुढे जाऊन पुन्हा उभी राहिली. पाठीवर लालबुंद चट्टा, तरी जबडा वासलेला, तरी शेपटी चालूच. घरची पाल असती तर एव्हाना भिंतीवर चढून गेली असती. हिला भिंत चढता येत नव्हती. शेवटी त्यानं खजुराची रिकामी बरणी तिच्यावर पालथी घातली, खालून पुठ्ठा सारला आणि झाकणाला भोकं पाडून ती घरी आणली.

कमळानं कपाळावर हात मारला. "लोक पोपट आनतात. यांनी पाल आनली." त्यांची मुलगी उन्नती भिवंडीत कॉलेजला जायची. तिनं फोनवर फोटो काढून शोधाशोध केली आणि संध्याकाळी बापाला वाचून दाखवलं. ही वाळवंटातली पाल. इराणात, अफगाणिस्तानात, बलुचिस्तानात वाळूत बिळं करून राहते. बेडकासारखे डोळे म्हणून इंग्रजीत तिला तसंच नाव आहे. विष अजिबात नाही. शत्रू आला की अंग उचलून, तोंड वासून, शेपटी घासून घाबरवते. त्यानं भागलं नाही तर चावा घेते. तरीही कुणी धरलंच तर कातडी सोडून पळते, आणि ती कातडी मागाहून भरून येते.

"म्हणजे सगळा नुसता आव," उन्नती म्हणाली. मग तिच्या काहीतरी ध्यानात आलं. "बाबा, जान्याकाकांना चावलं ते हीच का? तुम्ही त्यांना सांगितलंत?"

"सांगितला," चांगदेव म्हणाला. हे तिसरं खोटं.

पालीची पाठ महिन्याभरात भरून आली. नवी कातडी आली, थोडी फिकट, पण आली. चांगदेवनं तिला बरणीतून उन्नतीच्या जुन्या काचेच्या पेटीत हलवलं होतं, तिच्यासाठी वाळू आणली होती, आणि तो गोदामातली झुरळं डबीत धरून आणायचा. ज्या माणसानं जन्मात कुणाला पाणी वाढून दिलं नाही, तो सकाळी उठून पालीला वाटीत पाणी ठेवायचा. जिवंत ठेवली तर आपल्या नावावरचं निदान एक तरी पाप कमी होईल, असा काहीतरी त्याचा हिशेब असावा. पाल काही त्या हिशेबात नव्हती. तो जवळ गेला की ती रोज नव्यानं उभी राहायची आणि रोज त्याला तोच आवाज ऐकवायची.

जान्याला लोडरचं काम जमेना. तीन बोटांच्या पकडीत खोका राहत नव्हता. मुकादमानं दोन-चार दिवस बघितलं आणि पुन्हा बोलावलं नाही. तो पाड्यावर परत गेला. पण चांगदेवला तो विसरला नाही, आणि खरं दुखणं तेच होतं. बाजाराला खाली आला की वाट वाकडी करून गाळ्यावर यायचा. एकदा करवंदं आणली. पावसाच्या तोंडाशी शेवळं आणली, सोमीनं डोंगरात फिरून खुडलेली, आणि पुढे कर्टुली. "दादांनी वाचवला मना," असं तिथल्या नव्या पोरांना सांगायचा आणि हात वर करून दाखवायचा. पोरं चांगदेवकडे आदरानं बघायची. चांगदेव फाटकाकडे बघायचा. शेवळं आली त्या दिवशी कमळानं त्यांची भाजी केली, जवळा घालून, त्याच्या आवडीची. दोन घास खाऊन त्यानं ताट सारलं आणि भूक नाही म्हणाला.

सांगायचं त्यानं अनेकदा ठरवलं. शब्दसुद्धा जुळवले. पण जान्या समोर आला की ते शब्द घशाखाली जायचे, आणि वर यायचं ते "सोमी बरी हाय का?" सांगून तरी काय, असंही त्याला वाटे. बोटं काही परत येणार नाहीत. त्याला वाटतंय आपण मरणातून वाचलो, त्यात तो सुखी आहे. कशाला त्याचं सुख काढून घ्या? हा युक्तिवाद त्याला दिवसा पटायचा आणि पालीच्या पेटीसमोर पटायचा नाही.

भात कापणीला आलं तेव्हा जान्या गाळ्यावर आला. या खेपेला हातात भाजी नव्हती. जरा लाजत उभा राहिला.

"दादा, एक काम होता. ती पट्टी देता काय थोडी? आन त्या क्लिपा?"

"पट्टी? काय बांधायची हाय?"

"कापनी चालू झाली ना. भारे उचलताना सापं निघतात. म्या पाड्यात सगल्यांना शिकवला, दादांनी कसा बांधला त्यो. सुंभानं ढिला राहते, पट्टीच पायजे. घराघरात थोडी थोडी ठेवतो. पोरांना पन दाखवलाय."

आजूबाजूला पोरं होती. मुकादम हसून म्हणाला, "दे रे दे, चांगदेव. तुझी शाळा निघाली पाड्यात." आणि याच्या अंगातला तो दुसरा, चार माणसांसमोर उठणारा, उठला आणि आत जाऊन अर्धं रीळ आणि मूठभर क्लिपा घेऊन आला. जान्यानं ते पिशवीत नीट घातलं, तीन बोटांनी पिशवीचा बंद ओढला आणि निघून गेला.

त्या दिवशी चांगदेवच्या कानाला एकही ट्रक ऐकू आला नाही. फाटकावर गाडी येऊन हॉर्न वाजवत राहिली तरी तो खुर्चीत. एवढे दिवस त्याला वाटत होतं, झालं ते दोन बोटांत संपलं. संपलं कुठे होतं? ते आता घराघरात खुंटीवर टांगलं जाणार होतं. आज ना उद्या कुणालातरी धामण चावेल, पाणसाप चावेल, नुसता काटा लागेल, आणि पाड्यातली माणसं त्याचा हात नाहीतर पाय करकचून बांधतील. खरंच फुरसं चावलं तर दवाखाना गाठायच्या वेळात पट्टी ताणत बसतील. एखाद्या पोराचा पाय जाईल. आणि वर म्हणतील, चांगदेवदादांनी शिकवलं. लाज, भीती आणि स्वतःचा संताप असं सगळं एकदम त्याच्या अंगावर आलं. तो घरी गेला, दुसऱ्या दिवशी सकाळी पाल बरणीत घातली, आणि कमळानं कुठे म्हणून विचारलं तेव्हा पहिल्यांदाच त्यानं कुणाला तरी सरळ सांगितलं. कमळा ऐकत राहिली. मग म्हणाली, "एवढे महिने त्या पोराची भाजी मी रांधली. तू मला पन खायला घातलीस ती." आणि आत गेली. तो मोटरसायकल काढेपर्यंत ती बाहेर आली नाही.

पाड्यावर पोचला तेव्हा ऊन डोक्यावर होतं. माणसं शेतावरून जेवायला परतली होती. जान्याच्या घराच्या कुडाला खिळा मारून पट्टीची वेटोळी टांगलेली होती, बाजूला कागदात क्लिपा. जान्या ओटीवर होता, सोमी भाकरी थापत होती. "दादा, आज पाड्यावर?" म्हणत जान्यानं घोंगडी टाकली. चांगदेव बसला नाही.

"जान्या, तुला फुरसा चावला नव्हता."

जान्या हसला. "म्या उपकार मानू नये म्हनून बोलता. म्या कानानं ऐकला ना."

"मी पन ऐकला." चांगदेवनं बरणी ओटीवर ठेवली, झाकण काढलं आणि आत काडी घातली. पाल उभी राहिली. पाठ वाकवली, जबडा वासला, आणि शेपटी वळली. खर्र, खर्र. जान्या बसल्या जागेवरून मागे सरकला, सोमीचा हात पिठात थांबला. मग दोघांनी वाकून बघितलं. आवाज फुरशाचा आणि समोर पाल.

"खजुराच्या खोक्यातून आली ती. वाळवंटातली हाय," चांगदेव म्हणाला, आणि कुणी काही बोलायच्या आत त्यानं करंगळी बरणीत घातली. पालीनं वाट बघितली नाही. कच्चकन चावली आणि सोडेना. त्यानं ओढून बोट सोडवलं, तसे बुडाशी रक्ताचे ठिपके उमटले. त्यानं हात जान्यासमोर धरला. दोघं त्या हाताकडे बघत बसले. चुलीवरची भाकरी करपली, सोमीनं ती उतरवली, दुसरी टाकली नाही. हात सुजला नाही. ठिपके वाळले. अंगणात कोंबडी फिरून गेली, तरी हात होता तसाच.

"तू बोलला होतास, दुखत न्हाय," चांगदेव म्हणाला. "मी ऐकला होता. फुरसा दुखतो, हे पन मला ठाऊक होता. लोक बघत होते म्हनून बांधला. डॉक्टर बोलला पट्टीनं बोटं गेली. ते मी तुला सांगितला न्हाय. सोमी, तू माझ्या पाया पडलीस, तवा पन सांगितला न्हाय."

सोमीनं त्याच्याकडे बघितलं नाही. ती बरणीकडे बघत होती. "हिला तवापासून डांबून ठेवली काय?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता उठून घरात गेली.

जान्या आपला उजवा हात डाव्या हातात धरून बसला होता. रागावला असता, शिव्या दिल्या असत्या, तर चांगदेवला ते सोपं गेलं असतं. तो तयारीनं आला होता. पण जान्या नुसता उठला, कुडावरची पट्टी काढली आणि म्हणाला, "म्या सगल्या घरांत दिली. आता तुमी या संगती, आन तुमीच सांगा."

तो पुढे निघाला. आजवर जान्या त्याच्यापुढे कधी चालला नव्हता. चांगदेव बरणी घेऊन मागून गेला. पहिल्या घरी बायका भात वारवत होत्या. चांगदेवनं पाल दाखवली, आवाज ऐकवला, आपलं बोट दाखवलं आणि म्हणाला, "आमच्याकडून चूक झाली."

"आमच्याकडून नका बोलू," जान्या बाजूनं म्हणाला.

"माझ्याकडून," चांगदेव म्हणाला.

दुसऱ्या घरी त्याला आठवण करून द्यावी लागली नाही. तिसऱ्या घरी पुरुष माणसं ऐकून घेऊन आत गेली आणि पट्टी आणून त्याच्या पायाशी टाकली. एका घरात पोरं हसली, आईनं त्यांना दटावलं. प्रत्येक घरात त्यानं सांगितलं, की साप चावला तर काही बांधायचं नाही, कापायचं नाही, भगताकडे जायचं नाही, हात न हलवता आधी दवाखाना. आणि प्रत्येक घरात माणसं त्याचं बोलणं ऐकताना बघत होती जान्याच्या हाताकडे.

शेवटचं घर जान्याच्या चुलतीचं. म्हातारी ओटीवर पाय पसरून बसली होती, डोळ्यांनी अधू. तिला पाल दिसली नसती, म्हणून चांगदेवनं नुसता आवाज ऐकवला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. सांगून झाल्यावर म्हातारीनं हात पुढे केला. जान्यानं आपला हात तिच्या हातात दिला. तिनं अंगठ्यापासून एकेक बोट चाचपलं आणि जिथे बोटं संपली तिथे थांबली.

"साप नव्हता बोलता," ती म्हणाली. "मंग या पोराची बोटं कोनी खाल्ली?"

जान्या चांगदेवकडे बघत होता.

"मी, आये," चांगदेव म्हणाला. "मी खाल्ली."